लोहमार्गाची भाषा: मानक नगरातून आफ्रिकेकडे जाणाऱ्यांपुढचा जुना प्रश्न

लखनौच्या चारबाग स्थानकातून कानपूरकडे निघालेली गाडी शहराची हद्द ओलांडण्याआधी ज्या मानक नगर नावाच्या छोट्या स्थानकावरून जाते, त्या स्थानकाची आणि भोवतालच्या वसाहतीची ओळख एका संस्थेशी बांधलेली आहे. रेल्वेतील लोक तिला आरडीएसओ या आद्याक्षरांनीच ओळखतात. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय प्रमाणीकरण कार्यालय आणि १९५२ साली सुरू झालेले रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांच्या विलीनीकरणातून १९५७ साली ही संशोधन, अभिकल्प व प्रमाणीकरण संस्था निर्माण झाली, आणि रूळ, स्लीपर, वाघिणी, पूल, इंजिने, सिग्नल अशा लोहमार्गावरील बहुतेक प्रत्येक वस्तूचे प्रमाण ठरवण्याचे काम तिच्याकडे आले. रेल्वेच्या अभियंत्यांची सेवा अखिल भारतीय असल्यामुळे परळच्या कारखान्यात किंवा भुसावळच्या विभागात नोकरीची सुरुवात केलेला मराठी अधिकारी काही वर्षे मानक नगरात काढतो आणि तेथून प्रतिनियुक्तीवर परदेशीही जातो, ही रेल्वेतील परिचित वाट आहे. १९७४ मध्ये राइट्स ही सल्लागार कंपनी आणि १९७६ मध्ये इरकॉन ही बांधकाम कंपनी सरकारने स्थापन केल्यावर या वाटेचा एक मोठा फाटा आफ्रिकेकडे वळला. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याने निर्यात केलेले पहिले इंजिन १९७६ च्या जानेवारीत गेले तेही टांझानियाला.

आफ्रिकेतील रेल्वेवर कामाला जाणाऱ्या अभियंत्यापुढे दोन प्रश्न येतात: तेथील रूळ किती अंतरावर टाकलेले आहेत, आणि तेथील माणसे कोणती भाषा बोलतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर तयार असते. केनिया व युगांडाचे जुने मार्ग आणि टांझानियाचा जुना मध्य मार्ग एक मीटर रुंदीचे, तर दक्षिण आफ्रिका, झांबिया, मोझांबिक आणि नायजेरिया येथील जुने मार्ग १,०६७ मिलिमीटरचे, म्हणजे ज्याला केप गेज म्हणतात त्या मापाचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही, कारण आफ्रिकेत दोन हजारांच्या आसपास भाषा बोलल्या जातात आणि त्यांतली कोणती शिकावी हे नुसत्या भाषकसंख्येवरून ठरवायला गेले तर उत्तर हमखास चुकते. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की भारतातून आफ्रिकेत कामाला गेलेल्यांची भाषेची निवड त्यांच्या आवडीने फारशी झालेली नाही. मार्ग कोठून कोठे जातो, काम किती वर्षांचे आहे आणि हुकूम देणारा व तो पाळणारा यांच्यात मध्यस्थ कोण आहे, या तीन गोष्टींनी ती ठरवली आहे.

या इतिहासाचा आरंभ लखनौत नाही. तो महाराष्ट्रात, आणि तोही अनपेक्षित ठिकाणी सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश आरमाराच्या जहाजांनी अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडून त्यांतील आफ्रिकी मुलांना मुंबई बंदरात उतरवले, तेव्हा त्यांतील अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत ठेवले. तेथे त्यांना इंग्रजी लिहावाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवले गेले. आफ्रिकेचा प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ च्या आरंभी मुंबईहून झांजिबारला निघाला तेव्हा त्याच्या शेवटच्या मोहिमेसाठी शरणपूरची काही मुले सोबत घेतली गेली. इंग्रजी साहित्यात ‘नासिक बॉइज’ म्हणून नोंदली गेलेली ती हीच. त्यांच्यानंतर १८७२ मध्ये मदतीसाठी पाठवलेल्या तुकडीत शरणपूरचाच जेकब वेनराइट होता. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये त्याने दफनविधीच्या प्रार्थना म्हटल्या, आणि पुढे तो मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत गेला. लिव्हिंग्स्टनचा दुसरा सेवक चुमा याचा बाप्तिस्मा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या हातून झाला होता. मराठीचे जाणकार म्हणून आणि विल्सन कॉलेजचे संस्थापक म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेले विल्सन ते हेच.

मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाशी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार घडवण्यात पुढाकार घेतला, आणि त्यानंतर मोम्बासासमोरच्या किनाऱ्यावर मुक्त गुलामांसाठी फ्रियरटाउन ही वसाहत उभी राहिली. शरणपूर चालवणारे डब्ल्यू. एस. प्राइस यांच्याकडेच तिचे काम सोपवण्यात आले आणि नाशिकला वाढलेले अनेक आफ्रिकी स्त्रीपुरुष तेथे शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक व दुभाषे म्हणून गेले. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणतात. भाषेच्या निवडीच्या दृष्टीने हा गट फार बोलका आहे, कारण त्यांतील बहुतेकांच्या जन्मभाषा याओसारख्या, किनाऱ्यापासून दूर आतल्या प्रदेशातील होत्या, शिक्षण इंग्रजीत झाले होते, आणि नोकरीची भाषा मात्र स्वाहिली निघाली. जन्मभाषा आफ्रिकी असूनही कामासाठी दुसरी आफ्रिकी भाषा लागते, ही गोष्ट शरणपूरच्या या माणसांनी १८७० च्या दशकात अनुभवली होती. आफ्रिका म्हणजे एक भाषा अशा समजुतीने निघणाऱ्यांना ती आजही नव्याने कळते.

स्वाहिली ही बांटू कुळातील भाषा होय. बांटू हे मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या शेकडो परस्परसंबद्ध भाषांच्या कुळाचे नाव आहे. सोमालियाच्या दक्षिण टोकापासून मोझांबिकच्या उत्तर किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांत अरबी, फारसी आणि पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांशी शतकानुशतके आलेल्या संबंधांतून तिचा शब्दसंग्रह वाढला. मराठी माणसाला ती पहिल्याच आठवड्यात थोडीफार ओळखीची वाटू लागते, कारण ‘हेसाबु’, ‘तारेहे’, ‘वकिली’, ‘सेरिकाली’, ‘तयारी’, ‘हबारी’, ‘बंदारी’ हे तिचे शब्द म्हणजे मराठीत अरबी-फारसीतून आलेल्या हिशेब, तारीख, वकील, सरकार, तयार, खबर, बंदर यांचीच भावंडे आहेत. शिवाय ‘गारी’, ‘पेसा’, ‘लाकी’, ‘बिमा’, ‘चपाती’ हे शब्द तर थेट भारतातून गेलेले आहेत. झांजिबारच्या व्यापारात कच्छी भाटिये, खोजे आणि बोहरे यांचा जम बसलेला होता, आणि १८९० मध्ये अलीदिना सोमजी लिलानी यांचे गुजराती लिपीतील स्वाहिली मार्गदर्शक मुंबईत छापले गेले, ते याच व्यापारी जगाच्या गरजेपोटी. म्हणजे पूर्व आफ्रिकेतील रेल्वेचे काम सुरू होण्याच्या सहा वर्षे आधी, कामापुरती आफ्रिकी भाषा शिकवणारे पुस्तक मुंबईच्या छापखान्यातून बाहेर पडले होते. त्याचे वाचक दुकानदार होते, मजूर नव्हेत.

मजुरांची वेळ १८९६ मध्ये आली. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणाऱ्या युगांडा रेल्वेसाठी भारतातून करारावर नेलेल्या मजुरांची व कारागिरांची एकूण संख्या ३१,९८३ होती. त्यांतील सुमारे अडीच हजार जण कामावर मरण पावले आणि सहा हजारांहून अधिक अपंग किंवा आजारी होऊन परत पाठवले गेले. ६,७२४ जण तेथेच राहिले. भरती मुख्यतः पंजाबातून आणि प्रवास कराचीमार्गे झाला. ५८२ मैलांचा हा मार्ग डिसेंबर १९०१ मध्ये सरोवराकाठच्या किसुमूपर्यंत पोहोचला, आणि मीटरगेज निवडण्यामागे भारतातील मीटरगेजची इंजिने, डबे व अनुभवी माणसे सहज मिळतील हा हिशेब होता. त्या प्रदेशात भारतीय रुपया चलनात होता, भारतीय दंडसंहिता लागू होती, आणि लोहमार्गाची कामाची भाषा बऱ्याच अंशी हिंदुस्थानी होती. मुकादम, मिस्त्री आणि कारकून भारतातून आलेले असताना दुसरे काही होणे शक्यही नव्हते. गोव्यातील कॅथलिक कारकून कार्यालयांत आणि स्थानकांवर इंग्रजीत लिहीत व आपसांत कोंकणीत बोलत. मजुरांचा करार तीन वर्षांचा होता, आणि एवढ्या मुदतीत, आपल्याच भाषेच्या टोळीत राहून, स्थानिक भाषा शिकण्याची गरज बहुतेकांना भासली नसावी.

गरज भासली ती राहिलेल्यांना. मार्गालगत दुकान घातले की गिऱ्हाईक किकुयू, कांबा किंवा लुओ असे, आणि त्या तिघांशी व्यवहार करण्याची एकच भाषा उपलब्ध होती ती स्वाहिली; किनाऱ्यावरची ही भाषा आत, सरोवरापर्यंत, पसरण्यात लोहमार्गाचा वाटा मोठा आहे. परंतु ती पसरताना तिचे रूपही उतरले. गोरे जमीनदार आपल्या नोकरांशी जी मोडकी, केवळ आज्ञार्थी स्वाहिली बोलत तिला ‘किसेटला’, म्हणजे वसाहतवाल्यांची बोली, असे नाव पडले, आणि दुकानाच्या फळीमागून बोलली जाणारी स्वाहिलीही पुष्कळदा तिच्या जवळ जाणारी होती. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत वापरली गेलेली, झुलूच्या आधारे बनलेली ‘फानागालो’ ही अशीच पिजिन बोली होय. पिजिन म्हणजे भिन्नभाषक लोकांनी कामापुरती तयार केलेली, व्याकरण छाटलेली भाषा. तिच्यात ‘हे उचल’ आणि ‘तिकडे ने’ उत्तम सांगता येते, पण समोरच्याचे म्हणणे ऐकून घेता येत नाही. कामासाठी भाषा शिकताना फक्त आज्ञा शिकणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे. स्वातंत्र्योत्तर पूर्व आफ्रिकेत भारतीयांविषयी जी कटुता साचली तिच्या कारणांमध्ये जमीन, व्यापार आणि राजकारण यांचा वाटा मोठा असला तरी, या फळीमागच्या भाषेचा वाटाही नाकारता येत नाही.

याच्या उलट उदाहरणही त्याच समाजात आहे. गोमंतकीय कुटुंबात १९२७ साली नैरोबीत जन्मलेला आणि भारतात शिकलेला पिओ गामा पिंटो पत्रकारिता व कामगार चळवळ यांच्या मार्गाने केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात शिरला, तो आफ्रिकी सहकाऱ्यांच्या बरोबरीने. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्याची हत्या झाली. भारताचे पूर्व आफ्रिकेतील पहिले आयुक्त म्हणून १९४८ मध्ये नैरोबीला गेलेले अप्पासाहेब पंत हे औंधचे राजपुत्र होते. तेथील भारतीयांनी आफ्रिकी समाजाशी एकरूप व्हावे अशी त्यांची भूमिका होती, आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून देण्यात त्यांनी पुढाकार घेतला. वसाहतीच्या सरकारला ते अडचणीचे वाटत होते, यात नवल नाही.

स्वाहिलीच्या इतिहासातील एक योगायोग मानक नगरच्या वाचकाला विशेष रुचेल. ज्या १९३० साली भारतात रेल्वेचे केंद्रीय प्रमाणीकरण कार्यालय सुरू झाले, त्याच साली केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांजिबार या चार प्रदेशांची आंतरप्रादेशिक भाषा समिती स्थापन झाली आणि तिने स्वाहिलीचे प्रमाणीकरण हाती घेतले. त्याआधी १९२८ मध्ये मोम्बासा येथे भरलेल्या परिषदेत कोणती बोली प्रमाण धरायची यावर वाद झाला होता: मोम्बासाची किम्विता की झांजिबारची किउंगुजा. फ्रियरटाउनच्या मिशनऱ्यांचा ओढा किम्विताकडे होता, तर झांजिबारच्या मिशनचा, म्हणजे १८७० मध्ये स्वाहिलीची मार्गदर्शिका लिहिणाऱ्या एडवर्ड स्टियरच्या परंपरेचा, किउंगुजाकडे. निर्णय झांजिबारच्या बाजूने लागला. पाठ्यपुस्तके, शुद्धलेखन आणि १९३९ चा फ्रेडरिक जॉन्सनचा कोश हे सर्व त्या निर्णयावर उभे राहिले, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचा लाभ मोठा आहे, कारण पुस्तकातून शिकलेली स्वाहिली दार-ए-सलामच्या कार्यालयात, डोडोमाच्या लोको शेडमध्ये आणि किगोमाच्या धक्क्यावर जशीच्या तशी चालते. आफ्रिकेतील थोड्याच भाषांविषयी असे म्हणता येईल.

टांझानियात ती इतकी चालण्याचे कारण मात्र समितीपेक्षा जुने आहे. दार-ए-सलामहून किगोमापर्यंतचा मध्य मार्ग १९०५ ते १९१४ या काळात बांधणाऱ्या जर्मन राजवटीने खालच्या पातळीचा कारभार स्वाहिलीतच चालवला होता. स्वातंत्र्यानंतर ज्युलियस न्येरेरे यांनी तिला राष्ट्रभाषेचे स्थान दिले, स्वतः शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’चे भाषांतर करून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि प्राथमिक शिक्षण, संसद व खालची न्यायालये तिच्यात आणली. केनियात ती १९७४ पासून राष्ट्रभाषा आणि २०१० च्या संविधानाने इंग्रजीबरोबर राजभाषा झाली. युगांडात चित्र वेगळे आहे: १९३१ मध्ये काम्पालाला पोहोचलेला लोहमार्ग तोच, पण तेथे लुगांडा भाषेचा अभिमान प्रबळ आणि स्वाहिलीची ओळख सैन्य व पोलीस यांच्याशी जोडलेली, त्यामुळे मोम्बासात आपुलकी मिळवून देणारे वाक्य काम्पालात भुवया उंचावू शकते. एकाच मार्गावर, एकाच गेजवर, भाषेचे वजन असे बदलत जाते.

भाषेच्या रचनेविषयी थोडे सांगणे येथे आवश्यक आहे, कारण कामासाठी शिकणाऱ्याच्या हाती वेळ कमी असतो आणि कोणती भाषा किती दिवसांत वापरता येईल हा निवडीचाच भाग असतो. स्वाहिलीत मराठीसारखी तीन लिंगे नाहीत, तर नामवर्ग आहेत. नामवर्ग म्हणजे नामाच्या आरंभीच्या अक्षरावरून ठरणारे गट, आणि वाक्यातील विशेषण व क्रियापद त्या गटाप्रमाणे बदलतात. एक चांगले पुस्तक म्हणजे ‘किताबु किझुरी’ आणि चांगली पुस्तके म्हणजे ‘विताबु विझुरी’. अरबी ‘किताब’चे पहिले अक्षरच या भाषेने नामवर्गाची खूण मानून बदलून टाकले. चांगला रूळ, चांगली वाघीण, चांगले इंजिन असे विशेषण वाकवण्याची सवय असलेल्या मराठी भाषकाला हे तत्त्व समजायला इंग्रजी भाषकापेक्षा कमी कष्ट पडतात. क्रियापदात कर्ता आणि काळ एकामागोमाग जोडले जातात: ‘नितासोमा’ म्हणजे मी वाचेन, ‘वातासोमा’ म्हणजे ते वाचतील. उच्चार लिखाणाप्रमाणे, आघात उपान्त्य अक्षरावर, आणि स्वर खाली-वर केल्याने अर्थ बदलण्याची भानगड नाही. खरी अडचण घड्याळाची आहे. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास, आणि दुपारचे बारा म्हणजे ‘सा सिता’, सहावा तास. वेळापत्रक आंतरराष्ट्रीय पद्धतीने छापलेले आणि तोंडी निरोप स्वाहिली पद्धतीने दिलेला, अशा स्थितीत ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद ठेवण्याची परवानगी, कधी सुरू होते याचा घोळ सहा तासांचा होऊ शकतो. दुसरी गोष्ट अभिवादनाची. टांझानियात लहानाने मोठ्याला ‘शिकामो’ म्हणायचे आणि मोठ्याने ‘माराहाबा’ असे उत्तर द्यायचे ही रीत आहे, आणि वयाने ज्येष्ठ मुकादमाला तरुण अभियंत्याने शिकामो न म्हणता थेट कामाचे बोलणे हे असभ्यच ठरते, मग त्याचा हुद्दा कितीही मोठा असो.

पश्चिम आफ्रिकेत निवड इतकी सोपी राहत नाही. राइट्सने १९७९ ते १९८२ या तीन वर्षांत नायजेरियन रेल्वेचे व्यवस्थापन सांभाळले आणि त्यासाठी भारतीय रेल्वेचे अधिकारी व कर्मचारी मोठ्या संख्येने प्रतिनियुक्तीवर गेले. मार्गाची एकूण लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. लागोसहून निघालेली गाडी इबादान, इलोरिनपर्यंत योरुबा प्रदेशातून जाते, जेब्बाला नायजर नदी ओलांडते आणि झारिया, कानोकडे गेली की हौसाच्या मुलखात शिरते. पोर्ट हारकोर्टहून निघालेला पूर्वेकडचा मार्ग इग्बो प्रदेशातून मकुर्डीजवळ तिव लोकांच्या प्रदेशात जातो. इंग्रजी राजभाषा असल्याने कागदोपत्री काम अडत नव्हते, आणि शहरांत नायजेरियन पिजिन ही इंग्रजीवर आधारलेली संपर्कभाषा बऱ्याच ठिकाणी चालते. प्रश्न होता तो मार्गावरच्या गँगचा, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या मजुरांच्या टोळीचा. हौसा ही उत्तर नायजेरिया आणि शेजारचा नायजर देश येथील कोट्यवधींची भाषा, व्यापारामुळे पश्चिम आफ्रिकेच्या अनेक बाजारांत समजली जाणारी. पण तिच्यात स्वरांच्या चढउताराने अर्थ बदलतो आणि काही व्यंजने हवा आत ओढून उच्चारायची असतात, जी सिंधी भाषकाला सोपी आणि मराठी भाषकाला अवघड. योरुबात स्वराच्या तीन पातळ्या आहेत. तीन वर्षांच्या मुदतीत कडुना किंवा कानो येथे नेमलेल्याने हौसा शिकणे शहाणपणाचे होते. लागोसला नेमलेल्याने मात्र तीच भाषा शिकली तर ती मुख्यालयाच्या फाटकापलीकडे फारशी उपयोगी पडली नसती. नायजेरियासाठी म्हणून एखादी भाषा नाही, नेमणुकीच्या ठिकाणासाठी आहे, हे तेथील उत्तर. युगांडा रेल्वेवरच्या मजुराचा करार जितक्या मुदतीचा होता तितक्याच मुदतीचा हा करारही होता, आणि एवढ्या काळात भाषा कितपत आत्मसात होईल, हा प्रश्नही तोच होता.

फ्रेंच वसाहती राहिलेल्या देशांविषयी थोडक्यात सांगता येते. सेनेगल आणि माली यांना वाराणसीहून मीटरगेज इंजिने गेली, आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेल्या डाकार ते बामाको या मार्गावर कागद फ्रेंचमध्ये, बोलणे डाकारकडे वोलोफमध्ये आणि बामाकोकडे बांबारामध्ये चालते. फ्रेंच न येणाऱ्याला तेथे स्थानिक भाषेचा विचार करण्याची वेळच येत नाही. या सर्वांहून वेगळी म्हणून इथिओपियाची अम्हारिक नोंदवावी. तिची लिपी मूळ अक्षराला स्वरानुसार सात रूपे देते, आणि बाराखडी घोकून वाढलेल्याला ती तक्त्यासह पाहिली की ओळखीची वाटते. लिपीची ओळख म्हणजे भाषा नव्हे, हे खरे. पण स्थानकाच्या पाटीपासून सुरुवात तरी करता येते.

मोझांबिकची कथा गोव्याशी जोडलेली आहे. तो प्रदेश १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अधिकाराखाली होता, त्यानंतरही गोमंतकीय कारकून, डॉक्टर, शिक्षक आणि धर्मगुरू तेथे जात राहिले, आणि १९६१ पर्यंत गोव्यात शिकलेल्या पिढीला पोर्तुगीज ही मोझांबिकची किल्ली घरच्या घरी मिळालेली होती. १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने पोर्तुगीजच राजभाषा ठेवली, कारण माकुवा, सेना, न्दाऊ, चांगाना अशा भाषांपैकी कोणत्याही एका भाषेला देशभर मान्यता मिळणे अवघड होते. २००४ मध्ये राइट्स आणि इरकॉन यांनी मिळून बेइरा बंदराचे लोहमार्ग चालवण्याचा करार केला. त्यात तेटे प्रांतातील कोळसा बंदरापर्यंत आणणारा, यादवी युद्धात उद्ध्वस्त झालेला सेना मार्ग पुन्हा उभारण्याचे काम होते. झांबेझीवरचा साडेतीन किलोमीटरहून लांब दोना आना पूल याच मार्गावर आहे. बेइरात न्दाऊ, नदीकाठी सेना, तेटेजवळ न्युंग्वे अशा भाषा बदलत जाणाऱ्या या मार्गावर निवड पोर्तुगीजचीच होती, आणि ती युरोपीय भाषा असली म्हणून तिला कामाच्या दृष्टीने आफ्रिकी भाषा न मानणे हा केवळ हट्ट ठरेल. गँगमधील दोन भिन्नभाषक मजूरही एकमेकांशी तिच्यातच बोलतात.

टांझानियातील अनुभवही नोंदवायला हवा. २००७ मध्ये राइट्सने टांझानिया रेल्वेज लिमिटेड या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेऊन देशाचे मीटरगेज मार्ग २५ वर्षांसाठी चालवायला घेतले. पगाराचे वाद, संप, इंजिनांची अवस्था आणि भांडवलाची चणचण यांत तो करार काही वर्षांतच संपुष्टात आला. मोझांबिकचा करारही पुढे सरकारने रद्द केला. या दोन्ही अपयशांचे खापर भाषेवर फोडणे चुकीचे होईल, कारण पैसा आणि यंत्रसामग्री यांची उणीव कोणत्याही भाषेत गोड बोलून भरून निघत नाही. पण ज्या देशात संसद, कामगार सभा आणि वृत्तपत्रे स्वाहिलीत चालतात, तेथे व्यवस्थापकाला संपाची बातमी भाषांतरातून कळत असेल तर ती उशिरा कळते, एवढे म्हणण्याइतका इतिहास हाताशी आहे.

भारतात या भाषा शिकण्याची सोय अगदीच नाही असे नव्हे. दिल्ली विद्यापीठात १९५५ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेला आफ्रिकी अध्ययन विभाग स्वाहिली शिकवत आला आहे, आणि मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकी अध्ययन केंद्र आहे. युनेस्कोने २०२१ मध्ये ७ जुलै हा जागतिक किस्वाहिली दिन म्हणून जाहीर केला, तो मान मिळालेली ती पहिली आफ्रिकी भाषा. रेल्वेच्या संस्था मात्र या विद्यापीठांपासून दूर उभ्या आहेत: मानक नगर लखनौला, स्थापत्य अभियंत्यांची प्रशिक्षण संस्था पुण्याला, विद्युत अभियंत्यांची नाशिक रोडला. पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्यासाठी स्वाहिली, मोझांबिककडे जाणाऱ्यासाठी पोर्तुगीज आणि उत्तर नायजेरियाकडे जाणाऱ्यासाठी हौसा, असे तीन लहान अभ्यासक्रम या संस्थांनी विद्यापीठांच्या मदतीने चालवावेत; आणि रूळ, खडी, सांधा, ब्लॉक, वाघीण या कामाच्या शब्दांसह, घड्याळाच्या आणि अभिवादनाच्या पाठापासून सुरू होणारे मराठी-स्वाहिली पुस्तक मुंबई विद्यापीठाच्या केंद्राने तयार करावे.